लवजीभाईंचा पहिला घाणा

डॉक्टर वासाणीबाईंनी कागद बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "लवजीभाई, धंदा काय म्हणालात?"

"गांठियाचा," लवजीभाई म्हणाले. भावनगरात हे सांगावं लागावं याचंच त्यांना वाईट वाटलं. पण बाई जामनगरच्या होत्या, नव्या होत्या.

"खाता की नुसते विकता?"

"खाल्ल्याशिवाय विकायचे कसे?"

"आणि तंबाखूचा मावा?"

"कधीकधी."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या पत्नी जसुबेन म्हणाल्या, "कधीकधी तोंडात नसतो."

तख्तेश्वरच्या देवळाच्या पायऱ्या चढताना लवजीभाईंच्या छातीत दाटून आलं होतं, म्हणून जसुबेन त्यांना इथं घेऊन आल्या होत्या. हृदय अजून शाबूत होतं. पण रक्तात चरबी फार, दाब वर, आणि पोट बंडीच्या गुंड्यांना दाद देत नव्हतं. बाईंनी शांतपणे सांगितलं, "आत्ताच सांभाळलंत तर नातवाच्या वरातीत नाचाल. तळलेलं बंद. मीठ निम्मं. मावा आजपासून नाही. रोज चालायचं, आणि मूग, भाज्या, फळं खायची. तीन महिन्यांनी पुन्हा या."

"बाकी सगळं करीन," लवजीभाई म्हणाले. "पण सकाळचा पहिला घाणा मला चाखावा लागतो."

"का?"

याचं उत्तर बाईंना समजावणं अवघड होतं. घोघा दरवाज्याकडच्या त्यांच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून एक रीत होती. पहाटे पहिला घाणा कढईतून निघाला की त्यातले थोडे देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींना दाखवायचे आणि मग शेठनं सगळ्यांसमोर एक गांठिया तळलेल्या मिरचीबरोबर खायचा. शेठनं मान डोलावली, की मगच तागडी हलायची. रांगेतली माणसं त्या मानेकडे बघत उभी असत. ती मान एक दिवस डोलली नाही, तर भावनगरला दुपारपर्यंत शंका आली असती आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत गेलं असतं.

घरी जाताना रिक्षात जसुबेन म्हणाल्या, "सरळ सांगून टाका ना लोकांना. आजार म्हणजे काय चोरी आहे?"

"तुला कळत नाही. गांठियावाल्यालाच गांठिया सोसत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? उद्या शिंप्यानं उघडं फिरायचं ठरवलं तर त्याच्याकडे कापड कोण टाकेल?"

"मग काय करणार?"

"बघू," लवजीभाई म्हणाले. नवऱ्यानं 'बघू' म्हटलं की पुढं आपल्यालाच बघावं लागतं, हे जसुबेनना लग्नापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिखुभाईंनी पहिला घाणा काढला. भिखुभाई म्हणजे कढईवरचे कारागीर. त्यांचं लक्ष तेलातून कधी वर येत नसे, ही मोठी सोय होती. लवजीभाईंनी गांठिया उचलला, तोंडाशी नेला, गमछ्यानं मिशा पुसल्या आणि पुसता पुसता तो बंडीच्या आतल्या खिशात सोडला. मिरची मात्र खरोखर खाल्ली, कारण काहीतरी कुरकुरलेलं लोकांना ऐकू यायला हवं. जबडा हलवला. मान डोलावली. तागडी हलली.

युक्ती साधली. फक्त गांठियाशिवाय मिरची खाल्ली की ती आपला सगळा राग एकट्या माणसावर काढते, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

रांगेत पहिले दुर्लभजीकाका होते. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, दुकानाचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांनी ते पाणी पाहिलं आणि आपला पुडा घेतला.

सकाळची गर्दी ओसरली की लवजीभाई दुकान भिखुभाईंवर सोडून बोरतळावच्या तळ्यावर चालायला जाऊ लागले. पौषातली थंडी, पाण्यावर पक्षी, पायात सुनेनं सुरतहून पाठवलेले पांढरे बूट. खिशातल्या गांठियाचं काय करायचं हा प्रश्न तिथल्या कुत्र्यांनी सोडवला. अन्न टाकणं त्यांच्या जिवावर आलं असतं, कुत्र्याला घालणं म्हणजे पुण्य. हळूहळू तळ्याकाठी त्यांची वाट बघणारी एक टोळीच जमली. त्यातली एक तपकिरी कुत्री तर पांढरे बूट दिसले की शेपटीसकट सगळं अंग हलवायची.

घरी जसुबेन काळजी घेत होत्या. मोड आलेले मूग, दुधीचे वाफवलेले मुठिये, तेलाचा हात लागला न लागला अशी भाजी, बाजरीचा रोटला आणि ताक. लवजीभाई पहिले काही दिवस ताटाकडे असे बघत, जणू ते दुसऱ्या कोणाचं चुकून त्यांच्यापुढं आलंय. मग भूक लागू लागली. झोप शांत लागू लागली. बंडी ढिली झाली. जिना चढून वर आले तरी बोलता येऊ लागलं.

"बरं वाटतंय ना?" जसुबेननी विचारलं.

"वाटतंय," लवजीभाईंनी कबूल केलं. "पण कोणाला सांगू नकोस."

सांगायची गरज नव्हती. शेजारच्या दुकानातला छगन दर्जी सगळं बघत होता आणि त्याच्या मशीनपेक्षा त्याचं डोकं जास्त वेगानं शिवत होतं. त्यानं तुकडे जोडले. लवजीभाई रोज पहाटे गांठिया खाताना रडतात. अंगानं उतरलेत, बंडी लोंबतेय. मावा सोडला. एकटेच तळ्यावर जातात आणि कुत्र्यांना खाऊ घालतात. परवा दुकानाच्या मागे पाठ करून उकडलेले मूग खात होते.

"काका," तो दुर्लभजीकाकांना म्हणाला, "डॉक्टरांनी हात टेकले असणार."

दुर्लभजीकाकांनी छातीवर हात ठेवला. "मलाही तेच वाटलं होतं रे. माणूस आपल्याच गांठियाचा निरोप घेत होता."

बातमी रांगेतून निघाली आणि वाघावाडी रस्त्यापर्यंत पोचली. लवजीभाई जाणार, मुलगा सुरतेला हिऱ्यात आहे, तो काही गांठिया वळायला पाटावर बसणार नाही, म्हणजे दुकान बंद होणार. मग लोकांनी जे कोणीही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं. साठा करायला सुरुवात केली. पुडे नेणारे डबे आणू लागले. कोणाच्या मेव्हण्याला मुंबईला पाठवायचे होते, कोणाची मुलगी लंडनला होती. रांग छगनच्या दुकानावरून वळून देवळापर्यंत गेली. आणि पैसे देताना प्रत्येक जण लवजीभाईंचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवू लागला.

"काय झालंय लोकांना?" लवजीभाई घरी म्हणाले. "आज त्या पोपटभाईनं सुटे पैसे परत घेतले नाहीत. पोपटभाईनं."

जसुबेनकडे दुपारी बायका येऊन बसत. कोणी काही विचारत नसे. पाणी पीत, उसासे टाकत, "हिंमत ठेवा भाभी" म्हणून उठत. जसुबेनना वाटलं, मूग रांधण्याबद्दल बोलतायत. त्या म्हणाल्या, "ठेवायलाच हवी. सवय होते." बायका रडत जिना उतरल्या.

मग सुरतहून मुलाचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता. "बापुजी, आम्हाला परक्यांकडून कळावं?"

"काय कळावं?"

"मी उद्या निघतोय."

"हिऱ्याचा मोसम सोडून? वेडा झालास का? मी ठणठणीत आहे."

"तुम्ही असंच म्हणणार," मुलगा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

या सगळ्यात खरं नुकसान वेगळंच झालं. गर्दी दुपारपर्यंत हटेना. भिखुभाईंच्या मदतीला लवजीभाईंना पुन्हा पाटावर बसून तळहातानं गांठिया वळावे लागले. तळ्यावर जाणं बंद पडलं. जेवण उशिरा, कधी उभ्यानं. तिसऱ्या दिवशी पिठाची परात उचलताना त्यांना छातीत पुन्हा ते जुनं दाटणं जाणवलं. क्षणभरच. पण ते परात खाली ठेवून बसून राहिले, आणि खरोखर घाबरले. दुकानावरच्या घराच्या जिन्यातून जसुबेननी ते पाहिलं. त्यांनी पदर खोचला आणि ठरवलं की उद्या पहाटे आपण खाली जायचं.

जसुबेन पहाटे खाली गेल्या, पण त्यांच्या आधी दुसरंच कोणी पोचलं होतं. तळ्यावरची तपकिरी कुत्री. तीन दिवस वाट बघून ती पांढऱ्या बुटांचा माग काढत आली असावी. रांगेतल्या पायांमधून वाट काढत ती थेट फळीपाशी आली, तेव्हा लवजीभाईंनी नुकत्याच मिशा पुसल्या होत्या आणि भरल्या डोळ्यांनी मान डोलवायला घेतली होती. कुत्रीनं पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर ठेवले, बंडीत तोंड घातलं, आणि अख्खा, न चावलेला, गरमागरम गांठिया सगळ्यांच्या देखत बाहेर काढून खाल्ला.

रांगेत कोणी हाललं नाही. भिखुभाईंनीही आयुष्यात प्रथमच कढईतून मान वर केली.

"लवजी," दुर्लभजीकाका म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

लवजीभाईंनी तोंडातली मिरची गिळली, डोळे पुसले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यांना एकदम फार हलकं वाटलं. "डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, काका. महिना होऊन गेला. मी चाखतच नव्हतो. तुम्हाला फसवलं, माफ करा."

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही. आता तर आधीपेक्षा बरा आहे."

दुर्लभजीकाकांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. "मग मी घरात चार डबे कशाला भरून ठेवलेत? आणि रोज तख्तेश्वर चढून तुझ्यासाठी दिवा लावतोय मी, या वयात."

"रोज चढताय?" लवजीभाईंनी विचारलं. "दम नाही लागत?"

"आधी लागायचा," काका जरा विचार करून म्हणाले. "आता नाही लागत."

छगन दर्जीला वेगळीच शंका होती. "ते सगळं राहू द्या. महिनाभर हे चाखले कोणी?"

कोणीच चाखले नव्हते. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मला खारट लागत होते बुवा. पण शेठ रडत असताना बोलणार कसं?"

"द्या इकडे," असं म्हणून जसुबेन पुढं आल्या. त्यांनी परातीतून एक गांठिया उचलला, त्याचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला. लवजीभाई त्यांच्या तोंडाकडे असे बघत होते, जसे लोक इतकी वर्षं त्यांच्याकडे बघत आले होते.

"खारट आहेत," जसुबेन म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हा नव्हते. मावा लागून तुमची जीभ बधिरली तेव्हापासून दरवर्षी मीठ चिमूट चिमूट वाढतंय. पापडखारही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"चाखायला मला कोणी बोलावलं?"

रांगेतून एक समाधानाचा आवाज आला. मग पोपटभाई म्हणाला की खरं म्हणजे त्यालाही डॉक्टरांनी गांठिया बंद केलेत, पण बायकोला वाटतं तो देवळात जातो. त्याच्या मागच्यानंही खाली मान घातली. दुर्लभजीकाकांना तर गेल्या उन्हाळ्यापासून मनाई होती. जसुबेन या सगळ्यांच्या बायकांना ओळखत होत्या. त्यांनी एकेकाकडे नुसतं पाहिलं, आणि रांग बरीच आखूड झाली.

पण दुकान बुडालं नाही. दुसऱ्या दिवसापासून पिठात मीठ आणि पापडखार जसुबेनच्या हातचा पडू लागला. पहिला घाणाही त्याच चाखू लागल्या. जुनी माणसं म्हणाली, चव थेट लवजीच्या बापाच्या वेळची आली. ज्यांना मनाई होती त्यांच्यासाठी फळीच्या दुसऱ्या टोकाला मोड आलेले मूग, लिंबू, आणि कच्च्या पपईचा किसलेला सांभारो ठेवला गेला. तिथंही रांग लागू लागली, कारण तिथं उभं राहिलं की समोरच्या गांठियाचा वास फुकट मिळायचा. मूग खाऊन झाले की ही मंडळी लवजीभाईंबरोबर तळ्याला चक्कर मारायला जात. मुलगा सुरतहून रडवेला आला होता, तो दोन दिवस बापाच्या मागं धापा टाकत चालला आणि परत जाऊन स्वतःच डॉक्टरकडे गेला.

होळीनंतर वासाणीबाईंनी पुन्हा तपासलं. दाब खाली आला होता, चरबी उतरली होती. बाई खूश झाल्या. "असंच चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि रविवारी एखादा गांठिया खायला हरकत नाही. एखादा म्हणजे एक."

त्या रविवारी पहाटे सगळी रांग थांबून राहिली. तपकिरी कुत्रीला छगननं मुद्दाम दोरी लावली होती. भिखुभाईंनी सगळ्यात सरळ, सगळ्यात फुललेला गांठिया निवडून ताटलीत ठेवला, बाजूला मिरची, सांभारो. लवजीभाईंनी हात जोडले, तो उचलला आणि डोळे मिटून खाल्ला. चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले.

"कसा आहे?" दुर्लभजीकाकांना राहवेना.

लवजीभाईंनी डोळे उघडले. त्यांना कोणाचं मन मोडायचं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ऐकतेस का, मीठ जरा जास्त नाही पडलं?"

"पूर्वीच्या निम्मं आहे," जसुबेन म्हणाल्या. "तुम्ही खा मूग." त्यांनी परातीतला एक तुकडा तोंडात टाकला, भिखुभाईंकडे बघून मान डोलावली, आणि तागडी हलली. लवजीभाईंनी सांभाऱ्याची वाटी आपल्याकडे ओढली आणि आणखी थोडा सांभारो मागितला.