मोरपंखी झाकण

मिरज ते आष्टा या लाईनवर एकोणीस वर्षं मी मोरपंख बिस्किटं विकतोय. या मुजीबला अडवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय!

(असं मी सोमवारी म्हणालो होतो.)

मंगळवारी आमचे चेअरमन मुंबईत टीव्हीवर राजकारणावर काहीतरी बोलले. काय बोलले, ते मला आजही नीट माहीत नाही. आष्ट्याला मात्र पाठ होतं, आणि बुधवारी गाव निषेधाला उतरलं!

कंपनीतल्या आमच्या साहेबांचा मेसेज, सकाळी नऊ : जो कर्मचारी निषेधाच्या व्हिडिओत दिसेल, त्याची नोकरी गेली.

आणि इथं आमच्या लेकीचं, अर्शियाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष! मी टेम्पो रहिमतबी चाचींच्या दुकानामागं दडवला, कंपनीचा शर्ट उलटा घातला, तोंडाला टॉवेल गुंडाळला.

"मुजीब, दाढ दुखतीया काय रं?" चाचींनी लांबूनच ओळखलं.

"चाची, हळू बोला!"

समोर चौकात गावपुढारी हंबीररावांनी होळी पेटवलेली. मोरपंखची प्रत्येक वस्तू जाळा! पण बिस्किटं सकाळीच चहात बुडून संपलेली. मग लोकांनी घरातले जुने डबे आणले. मोरपिसाचं चित्र असलेले, दिवाळीला मिळायचे ते. बिस्किटं आठवडाभरात संपायची, डबा तीस वर्षं टिकायचा. पत्रा जळतो का, हे हंबीररावांना विचारणार कोण!

त्यांनी स्वतःचा डबा उचलला. आत खुळखुळलं.

"आवं, आत काय हाय ते तरी बघा!" त्यांच्या पत्नी बनुबाई ओरडल्या. "सासूबाईंचा हाय त्यो!"

झाकण निघेना. चौघांनी ओढलं. दगडानं ठोकलं. एकानं दात लावला, बिचारा!

आता बघा, मोरपंखचं झाकण ओढायचं नसतंच. तळाला एक चापट, मग चमच्याच्या दांड्यानं जोडापाशी हळूच उचकटायचं. माझे हात शिवशिवले. मोबाईल रोखलेले दिसत होते. नोकरी... झाकण... नोकरी...

"द्या हिकडं!"

टप्!

आत फौजी वर्दीची पितळी बटणं. आणि घडी घातलेलं प्रगतिपुस्तक. हंबीरराव, इयत्ता चौथी : नापास!

"बटनं आबांची. अन् ह्ये आईनं त्यांच्यापास्नं लपवलं हुतं गड्या," हंबीरराव मटकन खाली बसले. "मला म्हनली, हरवलं म्हनून सांग."

कुणी हसलं नाही. म्हणजे, आधी सगळे हसले, मग कुणी हसलं नाही.

"माझाबी उघड की रं!"

सतरा डबे उघडले. मुंबईहून आलेली पोस्टकार्डं. बाळाचं जावळ. जोडीतली एकच उरलेली चांदीची तोरडी. होळी कधी विझली, कळलंच नाही. डबे ज्याचे त्याच्या काखेत घरी गेले.

साहेबांचा मेसेज, संध्याकाळी सहा : व्हिडिओ चार लाख लोकांनी पाहिला. चेअरमन रडले! डबे उघडणाऱ्या भल्या गिऱ्हाइकाचा मुंबईत सहकुटुंब सत्कार करायचाय. शोधा.

सहा वाजून एक मिनिट : कर्मचाऱ्यांसाठी सकाळची सूचना कायम आहे.

मी शर्ट सुलटा केला आणि उत्तर धाडलं : "ओळखीचा नाही साहेब. शर्टसुद्धा उलटा घातलाय, बावळटच दिसतोय."