आवाज येऊन राह्यला काय?

आमच्या शेजारचे डंभारेकाका तुमच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे असले, तरी बोलायच्या आधी विचारतात, "माहा आवाज येऊन राह्यला काय?"

पांढरकवड्याच्या भाजीवालीला त्यांनी हे विचारलंय, एस.टी.च्या कंडक्टरला विचारलंय. एकदा दाताच्या डॉक्टरलाही विचारलं, तेही तोंडात कापूस असताना. विचारतात आणि थांबतात. तुम्ही "येतो" म्हणालात तरी त्यांचं थांबणं संपत नाही. मान किंचित मागे वळवून, पाठीमागचं कुणी बोलायचं राहिलंय असे उभे असतात. मग वांगी ताजी आहेत का ते बघतात.

ही सवय टाळेबंदीतली. काका आमच्या कृषी कार्यालयात पर्यवेक्षक, मी त्यांच्या हाताखाली, आणि दोघांची घरं एका भिंतीची. त्या वर्षांत गुलाबी बोंडअळीनं कपाशीची वाट लावली होती. एकत्र जमायला बंदी, म्हणून साहेब दुपारी ऑनलाइन बैठक घ्यायचे. आम्ही सगळे माईक बंद करून पेंगायचो. काका मात्र माईक कधी बंद करत नसत. "माणूस समोर बसवाचा अन् आपलंच तोंड बांधून ठेवाचं, हे कोणतं वळण?" असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे त्यांचं अख्खं घर बैठकीला हजर असे. एकदा साहेब अळीच्या अवस्था समजावत असताना कुकरची शिट्टी झाली. साहेबांनी विचारलं, "शिट्टी कोण वाजवतंय?" काका अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, "तुरीची डाळ हाय, सर." उभे राहिल्यामुळे इस्त्रीच्या शर्टाखालची लुंगी साऱ्या तालुक्यानं पाहिली.

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. काका पंधराव्या दिवशी कामावर आले, आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो तोच, आवाज येऊन राह्यला काय. आम्ही हसलो. आज त्याची लाज वाटते.

नंतर एका रविवारी मी दुपारचा जेवत होतो, आणि भिंतीपलीकडून मला माझाच आवाज आला. "सर, केळापूर भागात अळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे लावून झाले." घास हातातच राहिला. मी इथे गप्प बसलेलो, आणि पलीकडे मी बोलत होतो. साहेब हजेरी घेत होते. एकेक जण "हजर" म्हणत होता. मग आमच्या कार्यालयातला गेडाम म्हणाला, "हजर, सर." गेडाम वारला होता, त्याच्या तेरवीला आम्ही मागच्याच महिन्यात जेवून आलो होतो. बायकोनं उठून भिंतीकडची खिडकी लावली. तरीही आवाज येतच होते, आणि मधूनमधून काकांचा, आत्ताचा, खरा आवाज त्यांना सांगत होता, "तुमी नाही. तुमी चूप बसा."

असं तीन रविवार चाललं. गल्लीतली पोरं काकांच्या दारावरून पळत जायला लागली.

चौथ्या आठवड्यात नवीन साहेबांनी मला बोलावलं. कार्यालयाच्या ऑनलाइन खात्यात जागा उरली नाही, टाळेबंदीतल्या बैठकांची रेकॉर्डिंगं सोमवारी पुसून टाका, असा हुकूम दिला. त्या संध्याकाळी काका दारात उभे. या वेळी त्यांनी आवाजाचं काही विचारलं नाही.

"पुसून राह्यला म्हणे तू. एक ठेव. मले ते सापडून नाही राह्यलं."

"कोणतं, काका?"

"कुकरवालं."

फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. रविवारी सकाळपासून आम्ही दोघं त्यांच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. छोट्या चौकोनांतून गेलेले, बदलून गेलेले, रिटायर झालेले चेहरे आमच्याकडे बघत होते. कुणाचं तोंड हलायचं नाही, फक्त पापण्या लवायच्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"काका, काकूंचे फोटो आहेत ना एवढे?"

"फोटो लय हायेत. बोलत नाही त्यायच्यातला एकही."

दुपारी शिट्टी सापडली. साहेबांचा प्रश्न, तुरीची डाळ, लुंगी. मी हसून बघितलं, काका हसत नव्हते. पडद्यावरचे काका खाली बसले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "सर, माहा आवाज येऊन राह्यला काय?"

मी सवयीनं बोलून गेलो, "येतो, काका."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू नको बोलू. तुले नाही विचारलं."

मी रेकॉर्डिंग थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं. आता पडद्यावरच्या काकांबरोबर शेजारचे काकाही हलक्या आवाजात तेच म्हणाले. साहेब गप्प, माईक बंद केलेले आम्ही सगळे गप्प. शेजारच्या काकांनी मान किंचित मागे, स्वयंपाकघराकडे वळवली. तिकडे गेल्या हिवाळ्यापासून कुकर लागला नव्हता.

"येऊन राह्यला न जी," काकू पडद्याआडून म्हणाल्या, "पार बसस्टँडवर येऊन राह्यला. हळू बोला."

"हाव," शेजारचे काका म्हणाले, आणि आवाज आणखी खाली आणला.