मेदानाहून सेंतानीवर स्वारी

राजमान्य वाचकांचे खिदमतीस, मेदानकर चुलतबंधू याणें विनंती ऐसीजे. वडीलबंधू राजश्री मांगासी सिंबोलोन याणीं देशाचे पश्चिमेकडील मेदान शहराच्या विमानतळाहून पार पूर्वेकडील जयापुराच्या सेंतानी विमानतळावर स्वारी केली, तो मजकूर बयाजवार लिहितों.

कारण की, जयापुरीं भाचे साउत यांचें लग्न आणि मामाचे हातची उलोस शाल खांद्यावर पडल्याविना आम्हां बाताक जमातीचे मंडळींत लग्न पुरें होत नाहीं. मेजवानी सायंकाळीं सहास, आणि मजल दीड हजार कोसांची. तिकिटावर जाताना पावणेअकरा तास, येताना पावणेसात ऐसें पाहून स्वारींनीं येताना उतार असावा ऐसा निवाडा दिला. कुटुंब तिउर्माबाईंनीं कपाळास हात लाविला.

“अहो, तिकडचं घड्याळ दोन तास पुढे असतं. मधे मकासरलाही एक तास पुढे.”

“माझ्या बापाचं घड्याळ आहे हे. त्याचा काटा मी मेलो तरी फिरवणार नाही!”

मग सकाळीं सहास कूच जाहलें. वाटेंत बाईंचा डोळा लागला आणि स्वारींनीं इकडेतिकडे पाहून काटा गुपचूप एक तास पुढें केला. मग मकासरीं विमान बदलावयाचे मुक्कामीं स्वारी जेवतांना घड्याळ मेजावर ठेवून हात धुवावयास गेली, आणि बाईंनीं काटा आणखी एक तास पुढें सारिला. वेळ पाहिली नाहीं. नवऱ्याचे हट्टावर त्यांचा भरंवसा घड्याळाहून अधिक.

स्वारी परतली, तों सूप अर्धें आणि घड्याळांत बारा पस्तीस! विमान साडेबाराचें. मग शालीची पेटी डोईवर घेऊन, एक चप्पल मागें टाकून, रांगा मोडीत स्वारी विमानाकडील दारावर चालून गेली आणि तेथील मुलीपुढें ढसढसा रडली.

“गेलं हो विमान! आता माझ्या भाच्याला शाल कोण घालणार?”

“काका, बसा. अजून पावणेबाराच वाजलेत. चप्पल कुठाय तुमची?”

मागून बाईही धांवत आल्या, आणि नवराबायको एकमेकांकडे पाहूं लागलीं.

सेंतानीवर उतरतेसमयीं तेथील वेळ पुकारिली, पावणेपांच. स्वारींनीं मनगट पाहिलें, तेथेंही पावणेपांच. छाती वीतभर फुगली.

“बघ! काट्याला हात लावला का मी? बापाचं घड्याळ आहे, त्याला सगळं कळतं.”

“हो ना. मी तरी कुठे लावला?”

ऐन सहास मामांनीं भाच्याचे खांद्यावर शाल घातली. भाचा रडला, मामा रडले, आणि खरें सांगावयाचें तर लिहितांना आम्हांसही राहवलें नाहीं.

ऐसी फत्ते जाहली. दफ्तरीं नोंद: मजल दीड हजार कोस, विमानें दोन, वेळ पावणेनऊ तास, परंतु मामांचे म्हणण्याप्रमाणें पावणेअकरा, मकासरीं पडली चप्पल एक, काटा फिरविणारे दोन, कबूल जाहला एकही नाहीं.