एकशेवीसचा रेडिएटर

तेजलच्या लग्नाची सीडी चौथ्यांदा एक्केचाळीस टक्क्यांवर अडकली. पडद्यावर अंतरपाट अर्धा खाली आला होता, नवरदेवाच्या हातातला हार हवेत होता आणि तेजलची मान झुकलेली होती. संतोषने माउस हलवला. बाण हलला नाही. पाच मिनिटं तिघंही त्या हाराकडे बघत बसले: संतोष, त्याची आई कौसाबाई आणि शेजारच्या घरातून मुद्दाम आलेले कोंडाजीकाका.

"लगीन लागंल ना रं?" काकांनी विचारलं. नवरीचे वडील तेच.

"काका, लग्न मागच्या महिन्यात लागलंय."

"मना म्हाईत हाय. येहीनबाईंना दिसाला पायजे."

रविवारी तेजलच्या सासरची माणसं बदलापूरला पहिल्यांदा जेवायला येणार होती. जेवण झाल्यावर लग्नाची सीडी दाखवू, असं काकांनी मांडवातच कबूल केलं होतं. विहीणबाई, म्हणजे बनूबाई, काही विसरत नसत. लग्नातला मठ्ठा पातळ होता हे त्या तेजलला अजून ऐकवत होत्या. त्यात सकाळीच तेजलचा फोन आला होता. "दादा, काय पण कर, पण सीडी तयार ठेव. सासूबाई रोज विचारतात, आली का, आली का. मला घास गिळवत नाही."

संतोष रसायनशास्त्राचा पदवीधर होता आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नमुने तपासायचा. निरीक्षणाशिवाय तो काही बोलत नसे. त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमला हात लावला. बोट भाजलं. मे महिना, पत्र्याचं छप्पर, दुपारचे तीन. निष्कर्ष निघाला: मशीन तापून अडकतंय.

आता कारखान्यात जे तापतं त्याला पाणी देतात. रिॲक्टरच्या भोवती पाणी फिरवतात, तेच पाणी बाहेर थंड करून परत आत सोडतात. कॉम्प्युटरसाठीही तशी सोय मिळते, हे त्याने वाचलं होतं. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो मुंबईला गेला आणि एक खोकं घेऊन आला. त्यात छोटा पंप होता, प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा होता, एक पंखा, दोन मीटर पारदर्शक नळी आणि पाणी थंड करायला एक रेडिएटर. खोक्यावर ठळक अक्षरात १२० लिहिलं होतं. संतोषने निघण्यापूर्वीच कॅबिनेटमधली मागची जागा मोजली होती. एकशेतीस मिलिमीटर. दहा मिलिमीटर उरत होते.

घरी आल्यावर रेडिएटर आत जाईना.

त्याने रेडिएटर तीन वेळा मोजला आणि सरासरी काढली. रुंदी एकशेवीस. लांबी एकशे पंचावन्न. त्याला कळेना. प्रयोगशाळेत चंबूवर शंभर मिलिलिटर लिहिलं असेल तर त्यात शंभर मिलिलिटरच मावतं. नाही मावलं तर चंबू परत जातो, सोबत पत्र जातं.

"मंग बाहेरच ठेव की त्याला," कौसाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"आई, खोक्यावर 'इंटर्नल' लिहिलंय. म्हणजे आतला."

"कोनी लिवलंय?"

"कंपनीने."

"कंपनी येनार हाय का बघाला?"

लेबलावर लिहिलेलं मोडायची संतोषला सवय नव्हती. म्हणजे आता कॅबिनेटच नवीन घ्यायला हवं होतं.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर तो रेडिएटर डब्याच्या पिशवीत घालून उल्हासनगरला गेला. परसरामभाईंच्या दुकानात भिंतभर कॅबिनेटं रचलेली होती.

"साईं, हा बघ," परसरामभाईंनी एक बटण दाबलं. "लाइट चार कलरमध्ये जळते. सगळी पब्लिक हाच घेते."

"आत रेडिएटर बसेल का?"

"रेडिएटर? गाडीचा पाहिजे तर स्टेशनच्या त्या साइडला."

संतोषने पिशवीतून रेडिएटर काढला आणि पहिल्या कॅबिनेटमध्ये घालून बघितला. मग दुसऱ्या. मग स्टुलावर चढून वरच्या ओळीतल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि निघून गेली.

"भाई, चप्पल पायात घालून बघतात," परसरामभाई म्हणाले. "कॅबिनेटचं असं करणारा तू पहिला."

सातवं बरोबर बसलं. मागच्या बाजूला पंख्याची मोठी जाळी होती, तिच्यावर रेडिएटर झोकात राहिला. संतोष खूश होऊन रिक्षात बसला. घरी त्याने कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड बसवला, वरच्या कोपऱ्यात वीजपुरवठ्याचा डबा बसवला आणि रेडिएटर हातात घेतला. तो त्या डब्याला अडला. दुकानात कॅबिनेट रिकामं होतं. घरी त्यात कॉम्प्युटर होता.

शुक्रवारी सकाळी परसरामभाई शटर उघडत असतानाच तो कॅबिनेट घेऊन हजर झाला.

"बदलून पाहिजे?" परसरामभाईंनी पिशवीतल्या रेडिएटरकडे बघितलं. "आणि तो जावई पण आणलास सोबत? ठीक आहे, बदलतो. पण साईं, फक्त एकदा."

या वेळी संतोषने सगळ्यात उंच कॅबिनेट निवडलं. त्यात पुढच्या बाजूला भरपूर जागा होती, फक्त हार्ड डिस्क ठेवायचा पिंजरा तेवढा काढावा लागत होता. घरी त्याने पिंजरा काढला. रेडिएटर बसला. पण हार्ड डिस्क हातातच राहिली आणि कॅसेटवरून उतरवलेलं अख्खं लग्न त्या हार्ड डिस्कवर होतं. शेवटी ती त्याने सुतळीने आडव्या पट्टीला टांगली. मग रेडिएटरवर पंखा लावला आणि पंख्याच्या जाडीमुळे सुतळीवरचं लग्न मदरबोर्डला टेकलं.

कोंडाजीकाका दारातून डोकावले. "झाला का?"

"जागेचा प्रश्न आहे, काका."

"आरं, माझ्या पडवीत ठेव की. जागाच जागा हाय."

त्या दिवशी संतोषची दुपारची पाळी होती. कँटीनमध्ये तो ताटाशेजारी रेडिएटर ठेवून पट्टीने मोजत बसला असताना दिनानाथ समोर येऊन बसला. दिनानाथ मेंटेनन्सचा फिटर. बावीस वर्षं त्याच कारखान्यात.

"काय साहेब, आता लॅबवाले पण मोजमाप करायला लागले? आमची नोकरी जाणार."

"दिनानाथभाऊ, यावर एकशेवीस लिहिलंय आणि हा एकशे पंचावन्न भरतो. कंपनी चुकली का?"

दिनानाथ हसला. "एक इंची पाइपाचा कुठला भाग एक इंच असतो, सांग."

संतोष ताट तसंच ठेवून स्टोअरमध्ये गेला आणि व्हर्नियर घेऊन एक इंची पाइप मोजून आला. बाहेरून तेहतीस मिलिमीटरच्या वर, आतून सत्तावीसच्या आसपास. एक इंच, म्हणजे पंचवीस पॉइंट चार, त्या पाइपात कुठेच नव्हता.

"मग याला एक इंची का म्हणतात?" तो हादरला होता.

"मग काय म्हणायचं?" दिनानाथने पिशवीतला पंखा काढून रेडिएटरवर ठेवला. चारही भोकं जुळली. "हे बघ. पंखा एकशेवीसचा. हा त्याचा रेडिएटर, म्हणून हा पण एकशेवीसचा. बाईला नवऱ्याच्या आडनावाने ओळखतात ना, तसं. तिचं माप त्यात कुठे आलं? बाजारातली कॅबिनेटं सोड. आपण बनवू."

आनंदनगरात दिनानाथच्या ओळखीची एक शेड होती, तिथे कारखान्यांसाठी विजेच्या पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या बनत. दिनानाथने सिगारेटच्या पाकिटावर नकाशा काढला. रेडिएटर एकशे पंचावन्न, पंखा पंचवीस, इथपर्यंत संतोषला पटत होतं. मग दिनानाथने प्रत्येक बाजूला शंभर-शंभर वाढवले.

"हे कशाला?"

"मेंटेनन्सला हात जायला पाहिजे."

आणखी दीडशे वाढले.

"आणि हे?"

"स्पॅनर फिरायला."

"पण कॉम्प्युटरला स्पॅनर लागतच नाही."

"आज नाही लागत," दिनानाथ म्हणाला. त्याने बावीस वर्षांत भल्याभल्या मशीन बघितल्या होत्या.

शनिवारी दुपारी पेटी टेम्पोतून आली. उंची संतोषच्या कमरेपर्यंत, रुंदी दोन फूट, रंग पॅनेलचा करडा. वर उचलायला दोन कड्या होत्या, खाली पाणी सोडायला तोटी होती आणि शेडमधल्या माणसाने सवयीने दारावर कवटीची पाटी ठोकली होती: धोका, ४४० व्होल्ट. पेटी आतल्या खोलीच्या अरुंद दारातून जाईना, म्हणून ती पुढच्या खोलीत भिंतीला लागून राहिली. सीडीचा ड्राइव्ह बाहेर काढायला दिनानाथने जागाच ठेवली नव्हती. सीडी आत घालायची तर पेटीचं दार स्पॅनरने उघडावं लागणार होतं.

"बघ," दिनानाथ म्हणाला, "लागला ना स्पॅनर."

पण रेडिएटर बसला. पंखा बसला, हार्ड डिस्क बसली, आणि वर आत एखादी मांजर व्यायली असती तरी तिला अडचण झाली नसती. पंप सुरू झाला आणि नळीतून पाणी धावायला लागलं.

कौसाबाई खाली बसून बघत होत्या. "पानी कुठं जातं?"

"फिरून परत येतं, आई."

"परतच याचा तं मंग गेला कशाला?"

संध्याकाळी सहा वाजता संतोषने सीडी बनवायला लावली. दहा टक्के. वीस टक्के. त्याने प्रोसेसरजवळ बोट नेलं, माठासारखा गार. कोंडाजीकाका देवाला हात जोडून आले. तीस. अडतीस. एकोणचाळीस. अंतरपाट अर्धा खाली आला, हार वर गेला.

एक्केचाळीस टक्क्यांवर सगळं थांबलं.

चार दिवसांत पहिल्यांदा प्रोसेसर गार होता आणि संतोषला घाम फुटला होता.

"पानी कमी पडला का?" काकांनी हळूच विचारलं.

"पाण्याचा पाइप जाड करू," दिनानाथ म्हणाला. "नाहीतर दुसरा पंप."

कौसाबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. "तू दर टायमाला सुरवातीपास्नं का लावतंस रं? एकदा मागनं लावून बघ."

संतोषने जेवणावळीपासून पाठवणीपर्यंतचा भाग लावला. मशीन अर्धा तास न थांबता चाललं. मग फक्त हाराचं एकच मिनिट लावलं. मशीन एका मिनिटात अडकलं. उष्णतेचा संबंधच नव्हता. हार वर गेल्यानंतरची अकरा सेकंदं कॅसेटवरच खराब होती. त्याने कॅमेरावाल्या जनूला फोन लावला.

"कॅसेट एकदम ओके आहे," जनू म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "त्या टायमाला गर्दी होती ना. थोडा धक्का लागला असंल."

संतोषने अकरा सेकंदं कापली. सिनेमा तासाभरात तयार झाला. जुन्या कॅबिनेटमध्येही झाला असता, हे सगळ्यांना कळलं, पण दिनानाथ तिथेच बसलेला असल्यामुळे कुणी बोललं नाही.

"म्हंजे हार हवेत, आन एकदम गल्यात?" काका पेटीकडे बघत म्हणाले. "येहीनबाई इचारतील, मधी काय झाला? पातल मठ्ठा इसरली नाय ती बाई."

रविवारी पाहुणे जेवले. मठ्ठा इतका घट्ट होता की तो चमच्याने खावा लागला. मग काकांचा टीव्ही संतोषकडे आणून पेटीला वायर जोडली आणि सगळे सतरंजीवर बसले. तेजल आतल्या दारात उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून. हळद झाली, वरात आली. मंगलाष्टकं सुरू झाली तसा काकांनी घसा खाकरला. हार वर गेला. पुढच्याच क्षणी तो तेजलच्या गळ्यात होता.

बनूबाईंनी मान वळवून संतोषकडे बघितलं. तेजलचा चेहरा उतरला.

सिनेमा संपला, पुरुष मंडळी अंगणात पान खायला गेली. बनूबाई उठून सरळ संतोषकडे आल्या.

"तुम्ही काढलं ना ते?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"मावशी, त्याचं असं झालं..."

"काय बोलू नका. महिनाभर तेजलला रोज विचारायची, आली का सीडी, आली का सीडी. म्हटलं, आली की पहिली मी बघीन आणि लपवून ठेवीन." त्यांनी दाराकडे बघितलं. "हार घालायच्या टायमाला माझे भाऊ, हरिचंद्र, वायरीत पाय अडकून कॅमेऱ्यासकट आडवे झाले. नवऱ्या मुलाचे मामा! तुमची माणसं सगळी स्टेजकडे बघत होती, म्हणून अब्रू वाचली. पण कॅमेऱ्यात तर आलं असणार ना?"

संतोष त्या वेळी मांडवामागे जनरेटरपाशी उभा होता. त्याने काहीच बघितलं नव्हतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात बनूबाई म्हणाल्या, "एवढी समज हल्लीच्या पोरांना नसते. तेजल, तुझ्या भावाने शिकायला हवं होतं अजून. मोठा साहेब झाला असता."

दारात तेजलच्या मुठीतून पदर सुटला.

बनूबाई आता वाकून पेटीच्या अर्धवट उघड्या दारातून बघत होत्या. पंप घुमत होता, नळीतून पाणी पळत होतं. त्यांनी कवटीच्या पाटीकडे आदराने बघितलं आणि विचारलं, "ह्यातच धुऊन निघतं का ते?"

संतोषने उत्तर द्यायला श्वास घेतला. पाणी, उष्णता, खराब फीत, हे सगळं क्रमाने त्याच्या तोंडात आलं होतं. मग त्याने तेजलकडे बघितलं. ती महिन्याभरात पहिल्यांदा हसत होती.

"हो, मावशी," रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणाला.

"मग आमच्या थोरल्याच्या लग्नाची कॅसेट पाठवते. वरातीत आमचे हे नाचलेत."

"किती वेळ नाचलेत?"

बनूबाईंनी अंगणात पानाला चुना लावत बसलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं.

"अख्खीच टाका," त्या म्हणाल्या.