नानांच्या चार सकाळी

रमाकांत भामरे, म्हणजे आमचे नाना, ऑफिसात दिवसातून चार वेळा तोंड धुवायचे. साबण लावून, मान-कान पुसून, ओल्या केसांवरून कंगवा फिरवून, शर्टाचं वरचं बटण लावून मगच टेबलाशी येऊन बसायचे. साडेनऊला दुबईसाठी, साडेदहाला नैरोबीसाठी, दुपारी लंडनसाठी आणि संध्याकाळी साडेपाचला त्रिनिदादसाठी. मग मला सांगायचे, "शैला, लाव फोन."

मी नवीन होते तेव्हा विचारलं, "नाना, फोनवर तोंड कुठे दिसतं?"

"त्याची सकाळ आहे ना? सकाळच्या वेळी माणसासमोर पारोसं जाऊ नये."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात आमचं ऑफिस होतं. शेठ साड्या आणि ड्रेस मटेरियल परदेशी पाठवायचे. त्यासाठी चार देशांत चार माणसं ठेवलेली. चौघेही सुरतेच्याच उधना भागातले, खानदेशातून आलेल्या घरांतले. त्यांना इथून सांभाळायचं काम नानांचं. फोनचा बोर्ड आणि फॅक्स माझ्याकडे. नानांनी स्वतः पश्चिमेला डुमसच्या समुद्रापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. पण चारही देशांची घड्याळं त्यांच्या डोक्यात चालायची. बोलता बोलता मध्येच थांबायचे. "नैरोबीवाला आता दुकान बंद करत असेल," म्हणायचे आणि पुन्हा इन्व्हॉइसमध्ये डोकं घालायचे. "घड्याळ त्यांचं, माणूस आपला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा भर बारा वाजता शेठना त्रिनिदादला फोन हवा होता. नानांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"शेठ, तिकडे रात्रीचे अडीच. पोरगा झोपलाय."

"आ धंधो छे नाना, निशाळ नथी!"

"म्हणूनच सांगतो. शाळेत दिवसा तरी झोपता येतं."

शेठ पाय आपटत गेले. फोन साडेपाचलाच लागला.

रोजच्या फॅक्समध्ये चौघांनी माल, ऑर्डर, तक्रार असे रकाने भरायचे. चौथा रकाना नानांनी स्वतःच्या अधिकारात घुसडला होता: जेवण. लंडनवाल्याने तीन दिवस 'सँडविच' लिहिलं, तर नानांनी उलट फॅक्स करायला लावला: "भात लाव." शेठ त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाटलं, एखाद्या डिझाइनचं नाव असेल.

फोनवर पहिला प्रश्न अहिराणीत, आणि एवढ्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे दलाल वर बघायचे: "जेवना का भाऊ?" मालाचं नंतर.

त्रिनिदादचा अनिल त्यांचा सगळ्यांत लाडका. त्याला वडील नव्हते. उधन्याला आई एकटी राहायची, शेजारी काका. नाना दर रविवारी तिच्याकडे जाऊन मुलाची खबर सांगायचे.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास अनिलचे काका धापा टाकत ऑफिसात आले. चप्पल एकाच पायात होती.

"नाना, अनिलले फोन लावा. त्यानी माय गयी."

ती पाणी भरायला उठली आणि नळापाशीच कोसळली होती. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग आतल्या केबिनमध्ये जाऊन दार लावलं. पाच मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "बोललो. रडला बिचारा. त्याला पोचायला तीन दिवस लागतील. तो म्हणाला, थांबू नका."

काकांनी डोळे पुसले आणि तसेच निघाले.

बोर्डासमोर मी बसले होते. केबिनच्या लाइनचा दिवा एकदाही लागला नव्हता. मी नानांकडे पाहिलं. ते माझी नजर चुकवत पिशवी उचलू लागले.

"तिकडे रात्रीचा दीड वाजलाय," ते हळूच म्हणाले. "उठवून काय देऊ त्याला? झोपू दे."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

चार वाजेपर्यंत सगळं उरकलं. अग्नी काकांनी दिला. साडेपाचला नाना ऑफिसात परतले, मोरीवर गेले, तोंड धुतलं, केस विंचरले, बटण लावलं. बटणाला वेळ लागला.

"जेवना का भाऊ?"

"हो नाना, चहा-ब्रेड झाला." अनिलचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

मग नानांनी सांगितलं.

"तुम्हाला किती वाजता कळलं?" अनिलने विचारलं.

"अकरा."

"म्हणजे इथे दीड." तो थांबला. "मी जागा होतो, नाना. दाढ दुखत होती. पहाटेपर्यंत खिडकीत बसलो होतो. फोन शेजारीच होता."

नानांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काकांनी विचारलं नाही माझ्याबद्दल?"

"विचारलं," नाना म्हणाले. "मी खोटं सांगितलं."

अनिलने फोन ठेवला.

त्यानंतर त्याचे फॅक्स नेमाने आले. तीन रकाने भरलेले, चौथा कोरा. नाना तो कागद उजेडात धरून बघायचे. दहाव्या दिवशी नाना डोकं भादरून आले.

आठ महिन्यांनी अनिल सुटीवर आला. ऑफिसात आला, पण नानांच्या पाया पडला नाही. "आईला अग्नी कुठे दिला ते दाखवा," एवढंच म्हणाला. नाना मला म्हणाले, "तू चल. मला एकट्याला नाही जमणार."

तापीच्या काठावर नानांनी त्याला सगळं सांगितलं. कोणती साडी नेसवली होती, खांदा कोणी कोणी दिला, वारा कसा होता. अनिल ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "का नाही उठवलंत?"

नाना पाण्याकडे बघत बोलू लागले.

"मी मिलमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. बायको गावी, पहिलं बाळंतपण. दुपारी तार आली, दोघंही गेली. गाडी संध्याकाळी होती. पाच तास उधना स्टेशनवर बसून होतो. कळलं होतं, पण जाता येत नव्हतं. पोचलो तर राख. ते पाच तास अजून माझ्या अंगातून गेले नाहीत, अनिल. म्हटलं, तुझ्या वाट्याला नकोत."

नानांच्या घरी कोणी नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. का नाही, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

अनिलने एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाला, "पण नाना, तुम्ही स्टेशनवर बसून रडत होता तेव्हा तुमची माणसं अजून घरात होती. तुम्हाला ते पाच तास मिळाले. माझी आई घरात होती तोवर मी दाढेसाठी लवंग शोधत होतो."

असं नानांना कधी सुचलंच नसावं. त्यांनी दोन्ही हात जोडले. अनिलने ते जोडलेले हात धरले नाहीत, नमस्कारही केला नाही. तो वळून घाटाच्या पायऱ्या चढू लागला.

नानांना पायऱ्या जड जात होत्या. मी आधार द्यायला पुढे झाले. पाच-सहा पायऱ्या चढून गेलेला अनिल थांबला. मागे न बघता, नाना त्याच्या बरोबरीला येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.