कोर्नवेरची थोरली लेक

कुमीन भाटाला सगळं येत होतं, फक्त विचारता येत नव्हतं. द्रुस्तिकबाईंची त्याच्याबद्दल हीच तक्रार होती आणि ती त्या दिवसातून चारदा, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात करत. "मठात बारा वर्षं घासून आलाय म्हणे! तिथे शिकवलं काय, शाई सांडायला? काल माझ्याच चुलीपुढे बसून माझ्या आजीचं नाव मला सांगत होता. तेही चुकीचं!"

पण भाटावाचून अडलं होतं. खोऱ्याचा म्हातारा राजा वारला होता आणि गादीवर दोघांचा डोळा होता. एक बाईंचा मुलगा कोल्मान, दुसरा पलीकडच्या टेकडीवरचा ब्रूदे. कोल्मानचा बाप पश्चिम किनाऱ्यावरचा, गेल जमातीचा. ते लोक बापाचा बाप मोजत जातात. बाई इथल्याच, पिक्त जमातीच्या. इथे आईची आई मोजतात. गादी घेताना ज्यावर उभं राहतात त्या राजदगडावर पाऊल ठेवायचं तर पंचांपुढे दोन्ही कुळं सांगायला हवीत, आणि आईकडच्या सात पिढ्यांतली एक जरी कमी पडली तरी घरी जा.

बापाकडच्या बावीस पिढ्या कुमीनला तोंडपाठ होत्या, थेट नोहाच्या तारवापर्यंत. वाटेत कुठे भगदाड दिसलंच, तर तो तिथे एखादा अमका शूर नाहीतर तमका गोरा बसवून पुढे जाई. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, त्यामुळे त्याचं छान चाललं होतं. आईकडची बाजू मात्र कोरी होती. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी त्याच्याच भाषेत फडाफडा सांगितलं असतं, की बाबा, मला माझी आई, आजी आणि पणजी ठाऊक, पुढचं देव जाणे. पण अक्षरशत्रू बाईपुढे तोंड उघडलं तर मठाची अब्रू जाणार! आणि पिक्तांची भाषा त्याला तीनच शब्दांपुरती येत होती: 'भाकर', 'चालता हो' आणि 'लेक'. पहिले दोन बाईंनीच शिकवलेले.

सभेच्या आदल्या सकाळी तो गोठ्यामागून चालला होता. आत बाई धार काढायला बसल्या होत्या. त्यांच्या घरच्या गाई भारी मानी. आयांची नावं घेतल्याशिवाय पान्हा सोडायच्या नाहीत. म्हणून बाई सडांना हात लावून संथ सुरात म्हणत होत्या, "ब्रिथवेन लेक मोर्केवेनची, मोर्केवेन लेक कोर्नवेरची, कोर्नवेर लेक लोस्तहिरची..." अशी मोजून सात नावं. कुमीनला 'लेक' तेवढं कळलं. बाई एकांतात कुळातल्या राण्यांचं स्मरण करताहेत, असं समजून त्याने भिंतीला पाठ लावली आणि सातही नावं, लिहायला बाईंनीच दिलेल्या कमावलेल्या कातड्यावर उतरवून घेतली.

सभा भरली. बावीस बापे ऐकता ऐकता निम्मे पंच पेंगले. मग कुमीनने आवाज चढवला, "आता मातृकुळ! कोल्मानची थोर माता द्रुस्तिक, लेक ब्रिथवेनची! ब्रिथवेन लेक मोर्केवेनची! मोर्केवेन लेक कोर्नवेरची! कोर्नवेर लेक लोस्तहिरची!"

पंच खडबडून जागे झाले. त्यांच्या भाषेत ते कबरी, रुंदपाठी, आखूडशिंगी आणि लांबशेपटी असं होत होतं. बाईंच्या तर कानशिलात कुणी हाणल्यासारखं झालं.

"लांबशेपटी?" एक पंच कुजबुजला.

"हळू बोल," शेजारचा म्हणाला. "कोल्मानचे भालेवाले मागेच उभे आहेत. जुन्या काळी असायची अशी नावं."

"असायचीच," तिसऱ्याने मान डोलावली. "माझी आजी सांगायची, राणी लांबशेपटी फार न्यायी होती."

झालं! एकाने मान डोलावली म्हणून सगळ्यांनी डोलावली. कोल्मान चटकन पुढे झाला. तेवढ्यात ब्रूदे उठला. आपल्या बाजूने सांगायला त्याच्याकडे धड चार नावं नव्हती, पण एवढं राजेशाही कूळ मोकळं पडलेलं बघून त्याला राहवलं नाही.

"थांबा!" तो ओरडला. "मीसुद्धा कोर्नवेरच्याच वंशातला. ही मोर्केवेन तिची धाकटी लेक. आम्ही थोरलीचे! पहिला मान आमचा!"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरलीचा हक्क आधी, हा तर खोऱ्याचा कायदाच. कोल्मानचं उचललेलं पाऊल अधांतरी राहिलं. कुमीन कातडं उलटंपालटं करत थोरली कुठे लिहिली आहे का ते शोधू लागला.

बाईंची मोठी पंचाईत झाली. ही गाईंची नावं आहेत म्हणावं, तर पोरगा जन्मभर वासरू म्हणून ओळखला जाणार. गप्प बसावं, तर गादी ब्रूदेच्या घशात. त्यांनी कुमीनकडे असं काही पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग पदर सावरल्यासारखी शाल सारखी करून त्या पुढे आल्या.

"ब्रूदे, बाळा, नक्की ना? कोर्नवेरची थोरली लेक, ती तुझी आजी?"

"सख्खी!"

"दगडावर हात ठेवून बोल."

ब्रूदेने दोन्ही हात ठेवले. "ह्या दगडाची शपथ! तिच्याच दुधावर आमचं घर वाढलं!"

"ते मात्र खरं हो," बाई म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी तुझी आई आजारी होती, तेव्हा मीच दोर धरून थोरलीला तुमच्या दारात आणून बांधली. डावा कान फाटलेला. अजून आहे ना गोठ्यात? आजीला सकाळी वैरण घातलीस की नाही?"

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग मागून कुणीतरी हंबरलं आणि अख्खी सभा पोट धरून लोळायला लागली. ब्रूदेचे हात दगडावरच राहिले.

"पण बाई," हसू आवरत थोरले पंच म्हणाले, "तुमच्या भाटानेही हीच नावं घेतली की!"

"मग? आज सभेला दुभती गाय द्यायची आहे. आधी दानाच्या गाईचं कूळ सांगायचं, मग माणसाचं, ही आमच्या घरची रीत. भाटाची जरा सरमिसळ झाली, गाईंच्या ओळीत मला घुसवलं. पश्चिमेचा आहे बिचारा."

ही रीत त्या घटकेला जन्माला आली होती. पण आपले आजोबाही तशीच गाय देत, असं दोन पंचांनी लगेच शपथेवर सांगितलं.

"आता माणसांचं ऐका," बाई म्हणाल्या. त्यांनी आई, आजी, पणजी अशी तीन नावं घेतली आणि थांबल्या. "पुढचं मला माहीत नाही. ज्याला आपल्याकडची चौथी शपथेवर माहीत असेल, त्याने पुढे येऊन माझ्या पोराला अडवावं."

जो तो दूर चरणाऱ्या मेंढ्या मोजू लागला. शपथेचं काय होतं ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. कोल्मानने दगडावर पाऊल ठेवलं.

सभा उठल्यावर कुमीन कातडं घेऊन, चाचरत बाईंसमोर आला. "आईसाहेब, ही सात नावं... खरवडून काढू का?"

बाईंनी ते कातडं हातात घेतलं, उजेडात धरलं, त्यावरचा तांबूस डाग ओळखला. मोर्केवेनचंच वासरू होतं ते, थंडीत गेलेलं.

"खबरदार खरवडशील तर!" त्या म्हणाल्या. "ते बावीस बापे खरवड हवं तर. त्यातल्या एकाच्याही जन्माला तू नव्हतास, मी नव्हते, कुणीच नव्हतं. ह्या सातांतली एकूण एक मी माझ्या ह्या हातांनी ओढून बाहेर काढलीय. कुमीन, आज एवढ्या सभेत खरी वंशावळ म्हणून एकच सांगितली गेली, आणि ती सांगणाऱ्यालाच कळली नाही!"