मेघनाचा इलेक्ट्रॉन चष्म्याच्या दुकानात

जळोचीच्या मेघनाचा इलेक्ट्रॉन सोमवारी सकाळी हरवला. अकरावीच्या तोंडी परीक्षेसाठी नारायण सरांनी प्रत्येकाला एकेक इलेक्ट्रॉन वाटून दिला होता, म्हणजे एका चिठ्ठीवर चार क्वांटम अंक. त्यावरून तो कुठल्या ऑर्बिटलमध्ये राहतो ते सांगायचं. कॉलेजच्या व्हरांड्यात, आपल्या आधी तीनच मुलं उरलेली असताना, मेघनानं वहीतली चिठ्ठी उघडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'उजवा डोळा, डावा डोळा'.

तो आबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, नव्या चष्म्याचा नंबर होता. घरी टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारीच ठेवलेले होते. चिठ्ठीवरचा तिसरा अंक अधिक एक की उणे एक, हे काही केल्या तिला आठवेना.

त्याच वेळी आबा बारामतीत विजयसिंहांच्या चष्म्याच्या दुकानात बसले होते. ज्ञानदेव आबा लोणी देवकरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ते कशालाच नाही म्हणत नसत. विजयसिंहांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"तीन, एक, उणे एक, अधिक अर्धा. आबा, ह्यो नंबर काढला कुणी?"

"लई शिकलेला माणूस हाय."

"उणे एक आन् अधिक अर्धा दोन डोळ्यांचं असंल. पर तीन आन् एक कशाचं?"

डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन लागेना. मग विजयसिंहांनी तपासणीच्या जड फ्रेममध्ये अंदाजानं एकेक भिंग बसवलं आणि ती आबांच्या नाकावर चढवली.

"दिसतंय का?"

"झ्याक दिसतंय," आबा म्हणाले. त्यांनी समोरच्या आरशातल्या गृहस्थांना जय भीम केला आणि त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून बाकावर सरकले. ते गृहस्थही सरकले.

विजयसिंह भिंगं काढायला धावले, तोच आबांचा फोन वाजला. "तुमीच बोला," आबा म्हणाले, "मला आकडंबी दिसंनात." विजयसिंहांनी फोन कानाला लावून आपलं नाव सांगितलं.

"काका, ती चिठ्ठी चष्म्याची नाही, माझ्या इलेक्ट्रॉनची आहे!" मेघना रडकुंडीला आली होती. "तिसरा अंक काय आहे?"

"उणे एक. पोरी, तुझा इलेक्ट्रॉन मी आबांच्या डोळ्यावर चढवला की गं! पर हे आकडं असत्यात तरी कशाचं?"

"पहिला कवचाचा, दुसरा आकाराचा, तिसरा दिशेचा, चौथा फिरकीचा."

"आकार आन् दिशा? मग ह्यो आमचाच धंदा हाय! तुझ्या हातातला कागद बघ. उजव्या डोळ्याला काय लिवलंय?"

"नुसतं स्फेरिकल."

"म्हंजी गोल. त्ये भिंग कसंबी फिरव, फरक पडत न्हाय. म्हणून त्याला दिशा लिवत न्हाईत. आन् डाव्याला?"

"सिलिंडर. ॲक्सिस नव्वद."

"सिलिंडर म्हंजी नळीसारखं बाकदार भिंग, जरा फिरलं की दिसणं बदललं. तितं दिशा, म्हंजी ॲक्सिस, लिवावीच लागती."

एस ऑर्बिटल एकच आणि पी ऑर्बिटलं तीन, हे मेघना जूनपासून पाठ करत होती. का, ते आत्ता कळलं. एस चेंडूसारखं गोल, कसंही फिरवलं तरी तेच. पी डमरूसारखं, ते तीन दिशांना मांडता येतं.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

"तीन, एक, उणे एक, अधिक अर्धा. म्हणजे थ्री पी, सर," तिनं आत जाऊन सांगितलं.

"बरोबर. पण दुसरा अंक शून्य असला, तर तिसराही शून्यच का?"

आधीच्या सगळ्यांनी सूत्र घडाघडा म्हटलं होतं. मेघनानं आबांचा कागद सरांपुढे ठेवला आणि दोन्ही डोळे समजावून सांगितले. सरांनी स्वतःचा चष्मा काढला, डोळ्यांपुढे आडवाउभा फिरवत फळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तिला दहापैकी दहा दिले.

खरा कागद घेऊन ती तडक दुकानात गेली. आबा अजून तिथंच होते, तिसरा चहा चालला होता.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? मला इतक्या महिन्यांत जे कळलं नाही, ते तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत."

विजयसिंह भिंग पुसत राहिले. "उपकार तुझंच म्हणायचं, पोरी. अकरावीला ह्याच धड्यात मी नापास झालो. म्हणून तर वडलांनी हितं आणून बसवलं. त्यो धडा आज तुझ्यामुळं उमगला."

"लई बरं झालं नापास झालात!" आबा मनापासून म्हणाले. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ओशाळले. "म्हंजी... तसं न्हवं, विजयसिंहराव."

विजयसिंह मोठ्यानं हसले. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं आणि मेघनाकडे खुर्ची सरकवली.

"बस. पुढचा धडा कोणता हाय?"